फुलीचं अंडं

भामावहिनीचं घर आणि माझं घर यांच्यात एकच भिंत आहे. ती मी बांधली. नऊ इंची, सिमेंटात. अजून भेग नाही. भिंतीपलीकडे रोज पहाटे पाचला खुराड्याची फळी सरकते. तो आवाज आला की मी उठतो.

आमचं गाव कोन. पनवेलच्या बाहेर, एक्सप्रेस वे सुरू होतो तिथे. भामाचा नवरा रामू मिठागरात कामाला होता. तो वारला तेव्हा शेत उरलं नव्हतं, रस्त्यात गेलं होतं. उरली घरामागची वाडी, दीड गुंठा. तेवढ्यात दोन शेवगे, चार केळी, एक पपई, मोरीच्या पाण्यावर अळू, कुंपणाला वाल, वांग्याचे दोन वाफे आणि वीस-बावीस गावठी कोंबड्या. घरात खाऊन उरेल ते टोपलीत जायचं. बुधवारी आणि रविवारी टोपली घेऊन ती मिनिडोरने, सहा सीटच्या रिक्षाने, नवीन पनवेलला जायची आणि सेक्टरातल्या बिल्डिंगींचे जिने चढायची. लिफ्ट असली तरी जिनाच. डोक्यावर टोपली घेऊन चौथा माळा, आणि दारात पोचल्यावर धाप लागलेली दिसू द्यायची नाही.

मी गवंडी. बासष्टाव्या वर्षी थापी ठेवली, पण दुसऱ्याच्या कामाकडे बघायची सवय गेली नाही. भामाच्या कामात खोट नव्हती. अंडी ती धुवायची नाही, कोरड्या फडक्याने पुसायची, कारण धुतलेलं अंडं लवकर बिघडतं. टोपलीच्या तळाला भाताचा कोंडा, त्यावर अंडी, टोक खाली करून. खुडूक कोंबडीखाली उबवायला ठेवलेल्या अंड्यांवर ती कोळशाने रेघ ओढायची. दुसऱ्या कोंबड्या त्याच जागी येऊन अंडी घालतात. रेघ नसलेलं उचलायचं, रेघेचं राहू द्यायचं. आमच्याकडे सगळ्या बायका हेच करतात.

लिहिता-वाचता तिला येत नव्हतं. गिऱ्हाइकाचं नाव, बिल्डिंगीचा नंबर काही नाही. जाळीच्या दरवाजाची, तुळस वाळलेली, बूट बाहेर काढणारा, अशी दारं तिच्या डोक्यात होती. मी तिच्याबरोबर कधी गेलो नव्हतो. एकदाच गेलो. त्या दिवसाबद्दल हे आहे.

२००७ सालचा जानेवारी. खुराड्याखाली घूस लागली होती. भली मोठी, मांजराएवढी. एका आठवड्यात सात अंडी आणि तीन पिल्लं नेली. भामाने बिळात दगड घातले, तिने शेजारून उकरलं. पिंजरा लावला, ती आत गेली नाही.

भामा माझ्या ओट्यावर येऊन उभी राहिली. "भावजी, एक अंडा भरून द्या. औषध आमच्याकडं हाय, वांग्याला आणलेला."

"घुशीला वास येतो," मी म्हणालो. "भोक दिसलं तर शिवणार नाही."

"मंग दिसणार नाय असा करा. तुमी गवंडी ना?"

मी केलं. अर्धा तास लागला. रुंद बाजूला बारीक भोक, आत औषध, भोकावर पांढऱ्या सिमेंटचा ठिपका. तो वाळल्यावर चहाच्या पाण्याने रंगवला, गावठी अंड्याच्या रंगावर येईपर्यंत. बोट फिरवलं तरी कळेना. नख आडवं ओढलं तरच अडकायचं.

भामा बघून हसली. "घुशीला काय तुमी सोन्याची नथ घातलाय काय? ती खायलाच येतेय, बघायला नाय."

"काम म्हणजे काम," मी म्हणालो.

तिने त्यावर कोळशाने फुली मारली. रेघ म्हणजे उबवायचं, फुली म्हणजे हात लावायचा नाही. तिन्हीसांजेला ते बिळाच्या तोंडाशी ठेवायचं, आणि पहाटे कोंबड्या सोडायच्या आधी उचलून परसातल्या कोनाड्यात नारळाच्या करवंटीत ठेवायचं. तीन दिवस हे चाललं. घूस काही खाईना.

फुलीचं हे भामाला माहीत होतं आणि मला. तिची सून भाविका, तिला नाही.

भाविका दिवाळीनंतर लग्न होऊन आली होती. माहेर पनवेल शहरातलं. मुलगी कामाला चांगली, बोलायला कमी. भामाचा मुलगा प्रितम कंपनीच्या बसवर ड्रायव्हर, रविवारीसुद्धा लग्नाच्या वऱ्हाडाला जायचा. भामाने मला बजावून ठेवलं होतं, "औषधाचा तिच्यासमोर बोलू नका. नवी सून घरात, आन् इखाची बाटली तिला दाखवायची? कुणाच्या मनात कवा काय येल. बाटली मी तांदळाच्या कणगीमागं ठेवलीय."

आमच्याकडे असं करतात. नवी सून आली की घरातलं औषध जागा बदलतं. कोणी बोलून दाखवत नाही. मलाही त्यात काही चुकलं असं वाटलं नाही.

त्या रविवारी भामा साडेबाराला परत आली. टोपली रिकामी. खुशीत होती. ओट्यावर बसून पाय दाबत मला म्हणाली, "आज एक जास्तीच भरला, भावजी. राती तेवीस मोजलेली. बारा, सहा, सहा दिली, आन् चोवीस झाली. कोंबडीनं सकाली घातला असंल."

"घूस आली का काल?"

"नाय. अंडा तसाच. उचलून ठेवला." असं म्हणून ती थांबली. माझ्याकडे बघितलं. मग उठून परसात गेली. मी मागे गेलो.

करवंटी होती. अंडं नव्हतं.

भाविका मोरीवर भांडी घासत होती. भामाने तिला विचारलं, तेही हळू आवाजात, "हितला अंडा कुठाय गो?"

"टोपलीत घातलं, आई." भाविका हात पुसत उठली. "कोळसा लागला होता त्याला. मला वाटलं खुडूक कोंबडीखालचं गार पडलं, आता ते काही उबायचं नाही. म्हणून धुऊन घातलं. सगळीच धुतली. त्या मॅडम म्हणाल्या होत्या ना तुम्हाला, गावठी म्हणजे शेण लागलेलंच घ्यायचं का? तुम्हाला किती लागलं होतं ते."

ते खरं होतं. बुधवारी एका बाईने तसं सुनावलं होतं आणि भामाने ते घरी येऊन दोनदा सांगितलं होतं. मिनिडोरचा हॉर्न वाजला म्हणून त्या सकाळी भामाने पोरीने भरलेली टोपली तशीच उचलली. कधी उचलायची नाही, त्या दिवशी उचलली.

भामाच्या तोंडावरचं रक्त उतरलेलं मी पहिल्यांदा बघितलं. रामू गेला तेव्हासुद्धा असं नव्हतं. "काय झालं, आई?" भाविका विचारत होती. भामाने पायात चपला घातल्या आणि निघाली.

मी सदरा अडकवला. तिने मागे वळून बघितलंसुद्धा नाही, तिला ठाऊक होतं मी येणार. दारं तिला माहीत होती आणि अंडं मला. दोघांपैकी एकाने जाऊन काही उपयोग नव्हता.

मिनिडोर भरेपर्यंत ड्रायव्हर सोडेना. तीन माणसं कमी होती. आम्ही आत बसलो. भामा बोटं मोजत होती. बारा, सहा, सहा. परत बारा, सहा, सहा. मी मनात दुसरं काही मोजत होतो. आत किती घातलं होतं, घूस केवढी, माणूस केवढा. मोठ्या माणसाचं काय झालं असतं मला माहीत नाही. लहान मुलाला ते पुरलं असतं.

"सहा कोणाकडे?" मी विचारलं.

"वसुंधराबाय. जाळीचा दरवाजा. तिची नात टायफॉईडनं पडलेली, डॉक्टरनं रोज अंडा सांगितलाय." मग म्हणाली, "समृद्धी नाव हाय पोरीचा. पाच वर्साची." आणि तिने ड्रायव्हरच्या पाठीवर बुक्की मारली. "सोड रं गाडी! तिघांचा भाडा मी देते. सोड!"

रस्त्यात तिने ठरवलं की खरं सांगायचं नाही. उबवायला ठेवलेली अंडी चुकून आली, आत पिल्लू धरलं असेल, परत द्या, दुसरी आणून देते; असं सांगायचं. मी हो म्हणालो. खरं सांगितलं तर ती दारं कायमची बंद. पोलीस येतील. आणि ते अंडं कोणी भरलं, हा प्रश्न येईल. तो पुढचा विचार मी केला होता, हे कबूल करतो.

वसुंधराबाईंच्या स्वयंपाकघरात गॅसवर पातेलं होतं आणि पातेल्यात अंडं उकळत होतं.

भामाने चपला न काढता आत जाऊन गॅस बंद केला. वसुंधराबाई पोस्टातून रिटायर झालेल्या, शिस्तीच्या. त्या बघतच राहिल्या. "अहो भामाबाई, हे काय?"

भामाने उबवायचं सांगितलं. मी चमच्याने अंडं काढलं. चटका बसला, पण हातात धरून नख ओढलं. गुळगुळीत. रुंद बाजू, अरुंद बाजू, मधला भाग. गुळगुळीत. फ्रीजमधली चार काढली. तीही नाहीत.

"पाच झाली," मी म्हणालो. "सहावं?"

"सकाळी समृद्धीला दिलं की. झोपली आहे."

घड्याळात पावणेदोन. भामा आतल्या खोलीच्या दारात गेली. पोरगी कुशीवर होती, चादर कानापर्यंत. भामा पलंगाशी खाली बसली आणि चादरीतून बाहेर आलेल्या तळव्याला तिने बोट लावलं. काही नाही. परत लावलं. पोरीने पाय आत ओढून घेतला आणि "आजी, नको ना," म्हणाली.

भामा तिथेच जमिनीवर बसून राहिली.

मी कचऱ्याची बादली मागितली. वसुंधराबाईंना मी वेडा वाटलो असेन. चहाच्या चोथ्यातून टरफलं वेचली, रुंद बाजूचा तुकडा शोधला, धुतला, उजेडात धरला. भोक नव्हतं.

"पिल्लू बघायला टरफल कशाला लागतं हो?" बाईंनी विचारलं. मी तुकडा परत बादलीत टाकला. त्यांनी परत विचारलं नाही, पण आम्ही जिना उतरेपर्यंत त्या जाळीमागे उभ्या होत्या.

दुसरी सहा एका नर्सबाईकडे, दोन बिल्डिंगी सोडून, चौथ्या माळ्यावर. दाराला कुलूप. शेजारणीने सांगितलं, ड्यूटीवर आहे, चारला येते. उरलेली बारा कृष्णकांत नावाच्या बँकेतल्या माणसाने घेतली होती, पोपटीसाठी, म्हणजे मडक्यात शेंगांबरोबर भाजायला. भामाने हिशेब मांडला. "पोपटी अंधार पडताना लावतात. तवर ती अंडी कुणी फोडणार नाय. नर्सबाय मात्र आली की भूक लागंल, ती फोडंल. हितंच थांबू."

हिशेब बरोबर होता. म्हणून जिन्यावर दोन तास बसलो. आयुष्यात मी उन्हात चार मजल्यांवर विटा चढवल्या आहेत, पण त्या दोन तासांइतका थकलो नाही. खालून कोणाच्या घरी फोडणी पडली की भामा मान वर करायची. कुठे पोर रडलं की उभी राहायची. एकदा दूर अॅम्ब्युलन्स वाजली. भामाने माझा दंड धरला आणि आवाज विरेपर्यंत सोडला नाही.

"भावजी, ती पोर मना खुनी म्हनंल काय?" तिने विचारलं. वसुंधराबाईंच्या नातीबद्दल नाही, भाविकाबद्दल विचारत होती. "तिच्या हातनं झाला, पन केला मी."

"भरलं मी."

"तुमी गप बसा. तुमाला मीच सांगितला."

नर्सबाई चारला आल्या. उबवायची गोष्ट ऐकली, सहाही अंडी टेबलावर मांडली आणि मी नख ओढत असताना माझ्या बोटांकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "मावशी, आत पिल्लू आहे का ते उजेडात धरून बघतात. मला गाव आहे. हे काका टरफलावर काय शोधतायत?"

भामाने माझ्याकडे बघितलं.

"काही झालं असलं तर आत्ता सांगा. नंतर दवाखान्यात सांगून उपयोग नसतो."

"काय नाय वो," भामा म्हणाली. "तुमची चांगली हायत. खावा."

सहाही चांगली होती. म्हणजे ते बारांमध्ये होतं. एका परीने सुटल्यासारखं वाटलं, कारण आता एकच दार उरलं होतं. कृष्णकांतच्या दाराशी पोचलो तेव्हा साडेचार वाजले होते. त्याच्या बायकोने दार उघडलं. घरात सामसूम.

"पोपटी? ती इथे नाही लावली. सोसायटीवाल्यांनी कॉम्प्लेन केली असती धुराची. गाढीच्या काठाला गेलेत सगळे, पुलापासून पुढे कुठेतरी. मुलांनापण नेलंय. मी डोकं दुखतंय म्हणून राहिले."

"किती वाजता लावणार?"

"लवकरच लावतो म्हणाले. अंधारात मुलं नदीवर नकोत."

भामाने अंधाराचा हिशेब धरला होता. तो चुकला.

मोबाइल होता त्याच्याकडे. बायकोने लावला, तो घरातच टीव्हीवर वाजला.

नदीपर्यंत रिक्षा, पुढे पायी. काठाकाठाने, दगड आणि करवंदीची जाळी. भामा पन्नाशीची, मी अडुसष्टचा. ती पुढे. पदर खोचलेला, एक चप्पल तुटली ती तिने तिथेच टाकली. दोन ठिकाणी धूर दिसला. पहिल्या धुराशी गेलो तर वीटभट्टीचे मजूर स्वयंपाक करत होते. तिथे वीस मिनिटं गेली.

दुसऱ्या धुराशी पोचलो तेव्हा सूर्य पाण्याला टेकला होता.

दहा-बारा माणसं, सात-आठ मुलं. मुलांच्या हातात कागदी थाळ्या. मधोमध मडकं पालथं घातलेलं, त्याभोवती पेंढा आणि लाकडं पेटलेली. पोपटी म्हणजे मडक्याला आतून भांबुर्ड्याचा पाला, त्यात वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, मीठ-ओवा, तोंड परत पाल्याने बंद. मग पालथं घालून भोवती जाळ. मडक्यावर पाणी शिंपडलं आणि चर्र वाजलं की झाली. कृष्णकांतच्या हातात पाण्याचा तांब्या होता.

"अरे, मावशी!" तो ओरडला. "वास आला वाटतं कोनपर्यंत! या, बसा. बरोब्बर वेळेवर आलात, पाच मिनिटं राहिली."

"साहेब, मडका काढा. उघडा."

"आत्ता? वाफ गेली की शेंगा कच्च्या. तुम्ही कोनच्या आणि तुम्हाला मी सांगू?"

"अंडी उबवायची आली त्यात. चुकून. पिल्लू असंल आत."

सगळे हसले. एकजण म्हणाला, "मग काय, अंड्याबरोबर चिकन फुकट!" दुसरा म्हणाला, "मावशी, त्याचं जास्तीचं मागायला आलात की काय?" एक मुलगी, प्रांजल म्हणत होते तिला, पुढे येऊन म्हणाली, "बाबा, मला पिल्लाचं नको. मला साधं."

"सगळी साधीच आहेत, बेटा." कृष्णकांतने तांब्यातलं पाणी मडक्यावर मारलं. चर्र वाजलं. "झाली! चला, थाळ्या."

मी भामाकडे बघितलं. ती बारा वर्षं ज्यांच्या दारात जात होती, त्या दोन-तीन बिल्डिंगी उभ्या होत्या त्या जाळाभोवती. ती बोलली तर बुधवारपासून टोपली घरात. तिला हे माझ्यापेक्षा चांगलं कळत होतं.

"इख हाय त्यात," भामा म्हणाली.

हसणं लगेच थांबलं नाही. मागचे अजून हसत होते. ती परत म्हणाली, मोठ्याने, "इख हाय. एका अंड्यात. घुशीसाठी भरलेला. कुठल्या त्या मना मायत नाय. पोरांना मागं घ्या."

कोणी हललं नाही. माणसं अशा वेळी हलत नाहीत. मी परांचीवरून पडलेला माणूस बघितला आहे, तेव्हाही सगळे उभेच होते. मी जाळातलं लांब लाकूड घेतलं आणि मडक्याला खालून लावलं. मडकं कलंडलं, दगडावर आपटलं, फुटलं. वाफ, पाला, शेंगा सगळं राखेत. मुलं रडायला लागली.

अंडी काळी पडली होती, तपकिरी, भाजलेली. मी गुडघ्यावर बसून एकेक बाजूला घेत गेलो. नखाची गरज पडली नाही. नवव्या अंड्यावर, रुंद बाजूला, पांढरा ठिपका होता. टरफल भाजून करपलं, चहाचा रंग उडाला, पण सिमेंट होतं तसं. तांदळाच्या दाण्याएवढा, गोल, स्वच्छ. चांगलं काम.

"हे," मी म्हणालो.

कृष्णकांतने भामाच्या दंडाला धरलं. काय बोलला ते सगळं लिहीत नाही. पोलीस, तुरुंग, खून.   ती एवढंच म्हणाली, "माझी चूक. मी भरला, मीच विकला. दुसऱ्या कुणाचा काय नाय." मी भरलं होतं, हे मी तिथे बोललो नाही. तिने माझ्याकडे न बघता एक हात मागे करून मला थांबवलं होतं, पण ते कारण नव्हे. मला भीती वाटली.

त्यांच्यातल्या एका म्हाताऱ्या बाईने मुलं मोजली, प्रत्येकाचं तोंड उघडून बघितलं. कोणी काही खाल्लं नव्हतं. मग ती कृष्णकांतला म्हणाली, "सोड तिला. ती आली नसती तर?" त्याने सोडलं. "परत आमच्या गेटात दिसायचं नाही," तो म्हणाला.

अंडं मी सदऱ्याच्या खिशात घातलं. तिथे टाकता येत नव्हतं, कुत्रं खाईल. गरम होतं. घरी येईपर्यंत पोटाला फोड आला. वाडीच्या कोपऱ्यात दोन हात खोल खड्डा घेतला, चुना टाकला, पुरलं.

भाविका ओट्यावर बसली होती. चूल पेटवली नव्हती. कोनाडा, करवंटी, कणगीमागची बाटली. दिवसभरात तिने सगळं जुळवलं होतं. बाटली तिच्यासमोर ओट्यावर ठेवलेली होती.

"कोणी खाल्लं?"

"नाय," भामा म्हणाली. "कुणी नाय खाल्ला."

पोरगी तेव्हा रडली. बराच वेळ. मग नाक पुसून म्हणाली, "मला का नाही सांगितलं, आई? मी ती बाटली पिईन असं वाटलं तुम्हाला?"

भामाने तिच्याकडे बघितलं. खोटं ती दुपारीच भरपूर बोलली होती. "व्हय," ती म्हणाली. "वाटला. समद्यांनाच वाटतो. माझ्या सासूलापन वाटलेला."

"मग आता?"

"आता चूल पेटव. काकांना चहा दे. आन् ती बाटली कुठं ठेवायची ते तूच ठरव."

भाविकाने ती प्रितमच्या हातून परत दुकानात पाठवली.

सोमवारी सकाळी मी खुराडं उचललं. खालची माती फूटभर काढली, बीळ शेवटपर्यंत उकरलं. घूस मिळाली नाही, तीन तोंडं मिळाली. दगड ठोकून बसवले, वर जाड खडीचा कोबा, कडेने दीड वीत खोल भिंत. भाविका माल कालवायची आणि घमेली द्यायची. तिला प्रमाण एकदाच सांगावं लागलं. दोन दिवसांचं काम. त्यानंतर घूस आली नाही. हे मी आधी केलं नव्हतं, कारण अंडं अर्ध्या तासात होत होतं.

बुधवारी भामा रिकाम्या हाताने नवीन पनवेलला गेली. वसुंधराबाईंना आणि नर्सबाईंना खरं काय ते सांगितलं. मला येऊ दिलं नाही. त्या दोघी काय म्हणाल्या हे तिने कधी सांगितलं नाही. त्या वर्षी टोपली पनवेलच्या बाजारात जात राहिली, भाजीचीच. अंडी आम्ही दोन्ही घरांनी खाल्ली, उरली ती उबवली. कोंबड्या चाळीसवर गेल्या.

पुढच्या जानेवारीत नर्सबाई स्वतः कोनला आल्या, मिनिडोरने, पत्ता विचारत. सहा अंडी मागितली. भामा उभीच राहिली. भाविकाने आतून टोपली आणली, सहा मोजली, कोरड्या फडक्याने पुसली. मग प्रत्येक अंडं उजेडात धरून रुंद बाजूवरून नख ओढलं आणि भामाकडे दिलं. भामाने ओढलं आणि माझ्याकडे दिलं.

नर्सबाई थांबल्या, सहाही होईपर्यंत.